झऱ्यावर पाय दाबून बसलेली राक्षसीण

एक होता राजा, चहूबाजूंनी समुद्राने वेढलेला. त्याचं नाव शंखपाल. त्याच्या राज्यात तीन बेटं. एक डोंगराचं, त्याच्या माथ्यातून सदा धूर निघायचा. एक वाळूचं, नुसते माड आणि ऊन. आणि एक चिखलाचं, खारफुटीच्या मुळांत गुरफटलेलं. गोडं पाणी मात्र एकाच ठिकाणी, डोंगरावरच्या झऱ्याला. सगळे तिथेच होड्या घेऊन यायचे नि हंडे भरून न्यायचे.

एकदा काय झालं, झरा आटला.

राजा मुळातच संशयी, बरं का. जेवायला बसला की ताटाखाली बघायचा. तो म्हणाला, "पाणी चोरलंय कुणीतरी!"

मग तो केतकी राणीला घेऊन होडीत बसला. राणीने मूठभर तांदूळ घेतले, उरल्यासुरल्या पाण्याचा तांब्या घेतला.

वाळूच्या बेटावर एक म्हातारा कोळी झावळ्यांच्या ढिगाशी बसलेला. "काय लपवलंस?" म्हणत राजाने झावळ्या उपसल्या. तर खाली कासवाची अंडी!

"कुत्री खातात हो, महाराज. म्हणून राखण करतोय," म्हातारा म्हणाला.

राजाने झावळ्या परत अंड्यांवर घातल्या. पण संशय काही गेला नाही.

मग ते चिखलाच्या बेटावर गेले. तिथल्या बाया राजाला बघून एका रांजणासमोर आडव्या उभ्या राहिल्या. राजाने झाकण काढलं. तळाशी ओंजळभर पाणी.

"पावसाचं आहे, महाराज. आत बाळंतीण आहे, तिच्यासाठी ठेवलंय."

राणीने झाकण परत ठेवलं आणि राजाला हाताला धरून होडीत आणलं.

मग राहिला डोंगर. काळे दगड, पायाला चटके. जागोजागी राजाचेच भालेकरी उभे. त्यांना मागे टाकून दोघं माथ्यावर गेले. बघतात तर काय, धुराच्या तोंडाशी ही मोठी राक्षसीण! झऱ्याच्या उगमावर पाय दाबून बसलेली.

"चोर!" राजा ओरडला.

"चोर तू! माझ्या दारात हे भाले कशाला?"

"तू आग ओकून आम्हाला जाळशील म्हणून."

"आणि तू पाणी ओतून डोंगरातली माझी चूल विझवशील. चूल विझली की मी मेले. म्हणून धरलाय झरा."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. पापणी कुणी लववेना.

राणी मात्र खाली बसली. तिने तांब्यात तांदूळ टाकले आणि तांब्या तापल्या दगडावर ठेवला. शेवटचं पाणी हं ते! राजाच्या घशाला कोरड पडली. भात रटरटला, वास सुटला.

"विष असेल," राक्षसीण म्हणाली.

"या राक्षसिणीने मंतरला असेल," राजा म्हणाला.

"मग मी एकटीच खाते," राणी म्हणाली, आणि तिने घास घेतला.

राक्षसिणीला राहवेना. तिने चिमूटभर भात तोंडात टाकला. कुणाच्या हातचं तिने कधी खाल्लंच नव्हतं. ती रडायलाच लागली हो!

राजा मागे वळला. खाली जाऊन त्याने भालेकऱ्यांना घरी पाठवलं. मग वर येऊन राक्षसिणीच्या शेजारी बसला आणि त्याच तांब्यातला भात खाल्ला.

राक्षसिणीने पाय उचलला. पाणी धो धो सुटलं, कोमट कोमट. तिन्ही बेटांचे हंडे भरले.

डोंगर कधी कधी गुरगुरायचा. मग राजा वर जाऊन विचारायचा, "काय गं, बरी आहेस ना?"

"आहे. तू?"

"मीही."

असे सगळे सुखाने नांदले. तुम्हीही आता कुशीवर वळा, आणि निजा बघू.