कोबाल्टची अट

“पण बाई, बदल्यात ते आपल्याला काय देणार?”

अच्युत रेगे पुन्हा तेच विचारत होता. एके काळचा यमुनाबाई शेवड्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी. आता दिल्लीत अणुसहकार्याचं धोरण आखणारा अधिकारी. इतर देशांशी बोलणी करायला तो परवा निघणार होता. त्याआधी पाया पडायला म्हणून बाईंच्या रुग्णालयात आला होता.

बाई निवृत्त झाल्या होत्या, तरी कर्करोगावरच्या किरणोपचाराचे धडे देत होत्या. आज समोर एकच विद्यार्थिनी होती. आफ्रिकेतल्या एका लहानशा देशाची डॉक्टर, चिसोमो.

तिच्या देशात उपचाराचं यंत्र एकच. त्यातला किरण देणारा कोबाल्ट जुना होऊन क्षीण झालेला. नवा मिळावा अशी त्यांची भारताकडे मागणी होती, आणि अच्युतने ती अडवून धरली होती.

“आधी त्यांच्याकडचं खनिज आपल्याला देण्याच्या करारावर सही करू देत. थांबतील. आपल्याला कुठे घाई आहे?”

“आपल्याला नाही...” बाई म्हणाल्या. “पण कोबाल्टला ‘थांब’ म्हणून कोण सांगणार?”

अच्युत हसला. “तुम्हीच शिकवलंत, बाई. वापरला तरी झिजतो, नुसता ठेवला तरी झिजतो.”

“शिकवलं होतं खरं. त्या यंत्राखालच्या टेबलावर झोप.”

“मी?”

“झोप.”

ते यंत्र शिकवण्यापुरतं होतं, आत कोबाल्ट नव्हता. अच्युत कोट काढून आडवा झाला.

“हात डोक्यावर घे. हलायचं नाही. हललास तर किरण भलतीकडेच जातील.”

बाई आणि चिसोमो बाहेर गेल्या. जाड दार बंद झालं.

सुरुवातीला त्याला गंमत वाटली. मग नाक खाजू लागलं. खांदा भरून आला. खोलीत कुणीच नव्हतं.

“बाई, झालं का?”

“अजून नाही,” भिंतीवरच्या स्पीकरमधून चिसोमोचा आवाज आला. “हलू नका.”

...

दार उघडलं तेव्हा अच्युत खांदा चोळत उठला.

“आपल्याकडे इतका वेळ लागत नाही.”

“कोबाल्ट नवा होता तेव्हा आम्हालाही लागत नसे,” चिसोमो म्हणाली. “आता लागतो. लहान मुलं इतका वेळ पडून राहत नाहीत, रडतात. आणि संध्याकाळी यंत्र बंद करतो, तेव्हा बाहेर माणसं बसलेलीच असतात.”

“मग त्यांना काय सांगता?”

चिसोमोने हात पुढे करून यंत्राचा दिवा बंद केला.

अच्युत टेबलाच्या कडेवर बसून राहिला. कोट हातातच होता.

“अट काढतो,” तो शेवटी म्हणाला. चिसोमोने चटकन तोंडावर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले होते.

“पण बाई, दिल्लीत मला विचारतील. उद्या हे लोक आपलं नावसुद्धा विसरले तर?”

बाईंनी कोट त्याच्या हातातून घेतला, झटकला आणि त्याच्या खांद्यावर घातला.

“या रुग्णालयातलं पहिलं यंत्र परदेशातून भेट आलं होतं. किती माणसं त्याच्याखाली झोपून बरी झाली, घरी गेली. कुठल्या देशाने दिलं होतं रे?”

अच्युतने आठवून पाहिलं.

“नाही सांगता येत, बाई...”

“हं. तसंच देऊन ये.”