तुळजाने रंगवलेली शिडं

फार जुन्या काळी, नद्यांना अजून पूल ठाऊक नव्हते तेव्हा, एका संथ नदीच्या वळणावर एक गाव होतं. हिवाळ्यात तिथे धुकं उतरायचं आणि दुपारपर्यंत हलायचं नाही. झाडं, घरं, गुरं, माणसं सगळी त्यात विरून जात. एखादी हाक ऐकू यायची, पण ती कुठून आली ते कळायचं नाही.

त्या गावाच्या अगदी टोकाला, नदीकाठी, तुळजा नावाची रंगारीण राहायची. नवरा गेल्यावर रंगाच्या कढया तिने एकटीने सांभाळल्या होत्या. हात कसबी होता, पण तिच्या दारापर्यंत येणार कोण? मोठ्या रंगाऱ्याचं दुकान भर पेठेत होतं आणि त्याची दवंडी रोज गावभर फिरायची. तुळजाला दवंडी परवडणारी नव्हती. एखादं लुगडं, एखादं पागोटं रंगवायला मिळे. संध्याकाळी कढईत उरलेलं फिकं रंगपाणी ती नदीत ओतायची. पिवळी, तांबडी, निळी रेघ प्रवाहावर लांबत जायची आणि दिसेनाशी व्हायची. तुळजा ती जाईपर्यंत बघत बसायची.

एका संध्याकाळी भिकोबा नावाडी घाटावर नाव बांधत होता. तो म्हणाला, "तुळजाबाई, रोज एवढा रंग नदीला पाजतेस. तिची तहान काही भागत नाही बघ."

"उरलेला असतो काका. फिका. गिऱ्हाइकाच्या कामाचा नाही."

"माझ्या कामाचा असता," भिकोबा शीड गुंडाळत म्हणाला. "हे शीड धुक्याच्याच रंगाचं. काल दुसरी होडी अंगावर येईपर्यंत मला दिसली नाही, अन् तिला मी. थोडक्यात वाचलो."

तुळजाने पुढे होऊन ते शीड त्याच्या हातातून घेतलं.

फिकं पाणी एका बुडीत चढत नाही. म्हणून ती रोजचं काम संपलं की पळसाच्या फुलांच्या उरलेल्या केशरी पाण्यात शीड बुडवायची, वाळवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बुडवायची. हळूहळू रंग कापडात मुरत गेला. अखेर एका सकाळी पैलतीरावर ताटकळलेल्या लोकांना पांढऱ्या धुक्यातून केशरी उजेड सरकत येताना दिसला. सूर्य पाण्यावरून चालत येतोय, असं एका म्हातारीला वाटलं आणि तिने हात जोडले. नाव काठाला लागल्यावर सगळे हसले, ती म्हातारीही हसली.

"कुणी रंगवलं हो हे?" प्रत्येक जण विचारी. आणि भिकोबा, जो मुळात गप्पिष्ट, वल्ही मारता मारता सगळं सांगे.

तुळजाने मग उरलेल्या निळीत धर्मशाळेचे पडदे बुडवून दिले. सुइणीला मंजिष्ठेच्या मुळ्यांचं तांबडं पांघरूण दिलं, म्हणजे ती बांधावरून येताना लांबून ओळखू यावी. त्या रंगांमागून माणसं तिच्या दारापर्यंत येऊ लागली. पैलतीराहूनही कापडं आली. कोळीवाड्यातली भागू कोळीणही आली. तिने विचारलं, "आमच्या होड्यांची शिडं देशील रंगवून? धुकं पडायच्या आत?"

"देईन," तुळजा म्हणाली. शब्द देताना तिला काहीच जड गेलं नाही.

पण धुक्याच्या तोंडावर पलीकडच्या देशमुखांचा कारभारी आला. घरात लग्न होतं. "मांडवाच्या झालरीपासून नवरीच्या शेल्यापर्यंत सगळं कापड तुमच्याकडे," तो म्हणाला. "मात्र आजपासून दुसऱ्या कुणाचं काम हाती घ्यायचं नाही."

तुळजाला क्षणभर स्वप्नात असल्यासारखं वाटलं. एवढं काम तिच्या दारात कधीच आलं नव्हतं. मग तिला कोपऱ्यातली शिडांची चळत दिसली. पावसात पळसाची फुलं, मंजिष्ठ, नीळ, सगळाच साठा बराचसा भिजून गेला होता. उरला होता त्यात एकच काम निभणार होतं. या वेळी द्यायचं ते उरलेलं नव्हतं.

"थोडं थांबता येईल?" तिने विचारलं.

"मुहूर्त कसा थांबेल बाई?"

तुळजा सुकलेली फुलं ओंजळीत घेऊन उभी राहिली. "धुकंही थांबायचं नाही," ती म्हणाली. "त्या होड्यांत माणसं असतात. तुम्ही पेठेत जा."

कारभारी गेला, आणि तुळजा कढईपाशी बसून पोटभर रडली. मग तिने डोळे पुसले, चूल पेटवली आणि ताज्या, गडद रंगात शिडं बुडवायला घेतली.

धुकं आलं ते भिंतीसारखं. होड्या पहाटेच बाहेर पडल्या होत्या. कोळणी घाटावर उभ्या राहिल्या, तुळजाही त्यांच्यात होती. समोर नुसतं पांढरं. मग त्या पांढऱ्यात एक केशरी ठिपका उमलला. त्याच्या मागे तांबडा, बाजूला निळा. होड्या एकमेकींना बघून, वाट देत, रांगेने येत होत्या. बाया एकेका रंगावरून आपलं माणूस ओळखून नाव घेऊ लागल्या. भागूच्या नवऱ्याची पिवळ्या शिडाची होडी मात्र दिसेना. भागूने तुळजाचा हात घट्ट धरला. बऱ्याच वेळाने धुकं जरासं पिवळसर झालं, आणि भागू पाण्यातच धावली.

तो हिवाळा तुळजाने भाकरी आणि मिठावर काढला. देशमुखांच्या लग्नाचा थाट पेठेतल्या रंगाऱ्याने केला. पण होळी सरली आणि कोळणींनी आपली लुगडी तिच्याकडून रंगवून घेतली. ती नेसून, डोक्यावर मासळीच्या पाट्या घेऊन त्या गावोगावच्या बाजारांत गेल्या. मासळी घेणाऱ्या बायका आधी लुगड्याला हात लावून बघत. "हा रंग कुणाचा ग?" आणि कोळणी मासळी बाजूला ठेवून त्या सकाळची गोष्ट सांगत.

ऐकणाऱ्या बायका घरी जाऊन कापडं काढत. उन्हाळ्यात नदीच्या वरच्या अंगाने होड्या आल्या, खालच्या अंगानेही आल्या, गाठोडी भरभरून. तुळजाला आणखी कढया मांडाव्या लागल्या. कोळीवाड्यातल्या बायका मदतीला आल्या, आणि नदीकाठी दोऱ्यांवर वाळणारी कापडं पार वळणापर्यंत झुलू लागली.

तात्पर्य : जो धंदा गावाच्या अडीअडचणीला उभा राहतो, त्याचं नाव गावच आपल्या तोंडाने दूरवर नेतं.