तीन शनिवार, तीन पेले

"पण ती भांडी फुटलीच का?"

हनोखआबांनी वर पाहिलं नाही. मांडीवर पंचा, पंच्यावर काचेचा पेला. तो पेला ते राखेने आतून घासत होते.

"कोणती भांडी?"

"देवाची. दादा सांगायचा ती. देवाने उजेड ओतला आणि भांडी फुटली, तीच."

"आज शुक्रवार आहे, दानू. सूर्य बुडायच्या आत मला अकरा दिवे लावायचेत. देवाची भांडी रविवारी फोडू."

"मला आज सांगा."

"हातात काय आहे?"

मी वर्तमानपत्राची पुडी त्यांच्यासमोर टाकली. ती उघडली. आत काचा होत्या.

"तिसरा?" त्यांनी विचारलं.

"तिसरा."

हनोखआबा आमच्या मशिदीचे समाश. आम्ही बेने इस्रायल सिनेगॉगला मशीदच म्हणतो, आणि समाश म्हणजे तिची झाडलोट, दिवाबत्ती बघणारा माणूस. आबांचं वय एक्याऐंशी. त्यांच्याकडे कब्बालाची जुनी पुस्तकं आहेत, आमच्या लोकांची गूढविद्या सांगणारी. माझा मोठा भाऊ नफ्ताली दर रविवारी त्यांच्याकडे ती शिकायला यायचा. मी आठवी नापास. मी बाहेर रिक्षात बसून हॉर्न वाजवायचो.

दादाला जाऊन त्या दिवशी सव्वीस दिवस झाले होते.

आमच्या घरी माणूस गेला की महिनाभर त्याच्या नावाने दिवा ठेवतात. काचेचा पेला, खोबरेल तेल, वर तरंगती वात. मी आईला सांगितलं होतं, दादाचा दिवा मी बघणार. महिनाभर विझू देणार नाही. एकदाही नाही.

इतर दिवशी सोपं होतं. दोन फेऱ्या मारायच्या, घरी यायचं, तेल घालायचं. अडचण शनिवारची. शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा दिवस, लागला की दिव्याला हात लावायचा नाही. शुक्रवारी सूर्यास्ताआधी जे घालाल त्यावर शनिवार रात्रीपर्यंत चालवायचं.

म्हणून मी पेला काठोकाठ तेलाने भरायचो.

आणि दर शनिवारी पेला फुटायचा.

"पाणी घालत होतास का खाली?" आबांनी विचारलं.

"नाही."

"का नाही? तुझी आई घालते. तुझी आजी घालायची. या मशिदीतल्या अकरा पेल्यांत खाली पाणी आहे आणि वर तेल आहे. तुला दिसत नाही?"

"दिसतं! अर्धा पेला पाण्यात घालवला तर दिवा अर्धाच वेळ चालणार. दुपारी बारालाच विझणार. मला विझायला नकोय."

"पाणी कशासाठी असतं, ठाऊक आहे?"

"तेल वाचवायला."

"गाढवा." त्यांनी पेला पंच्यावर ठेवला. "तेल संपत येतं तशी ज्योत खाली उतरते. खाली पाणी असलं तर ती पाण्याला टेकते आणि विझते. पाणी नसलं तर काचेला टेकते."

"मग?"

"मग ही पुडी."

मला ते कळत नव्हतं असं नाही. मागच्या शनिवारी मी पेल्यासमोर बसूनच होतो. सकाळपासून. तेल खाली चाललेलं दिसत होतं. बाटली हाताशी होती. हात लावायचा नव्हता. दुपारी चारच्या सुमारास ज्योत तळाला गेली आणि काच कट्‌कन वाजली. आईने आतून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही.

तो पेला साधा नव्हता. दादा दर शुक्रवारी काळ्या मनुका भिजत घालून त्यांचं सरबत करायचा, आणि किद्दुशची, शब्बाथ सुरू करायची प्रार्थना म्हणून त्याच पेल्यातून प्यायचा. पहिले दोन पेले बाजारातले होते, ते फुटले. मग मला वाटलं, दादाचा तरी फुटणार नाही.

"मोठा डबा घ्यायचास," आबा म्हणाले.

"डब्यातून उजेड दिसतो का?"

"मग पिंप लाव. गावाला दिसेल."

"आबा, थट्टा नको."

"थट्टा तू चालवलीयस. वीस दिवस मशिदीत पाय नाही. आज आलास तो देवाच्या चुका काढायला."

मी उठलोच होतो. दारापर्यंत गेलो. चौकटीवरच्या मेझुझाला, आत प्रार्थना ठेवलेल्या डबीला, हात लावायची सवय, तो लावला आणि स्वतःचाच राग आला. परत फिरलो.

"तुम्ही त्याला वर्षानुवर्षं शिकवलंत," मी म्हटलं. "काय शिकवलंत? भांडी फुटली, तुकडे खाली पडले, प्रत्येक तुकड्यात उजेडाची ठिणगी अडकली. भाकरीत ठिणगी, चपलेत ठिणगी. आपण त्या उचलायच्या म्हणे. घरी येऊन तो मला हे सांगायचा. मी म्हणायचो, माझ्या रिक्षात बघ एखादी, कार्बोरेटरमध्ये असेल."

आबा हसले.

"हसू नका!"

"तुला नाही हसलो. त्याने ते मला सांगितलं होतं. म्हणाला, आबा, दान्याच्या रिक्षात पुष्कळ असणार. एवढ्या शिव्या खाऊनही ती रोज सुरू होते."



आबांनी दुसरा पेला घेतला. घासायला लागले.

"देवाने सगळ्यात आधी काय केलं?" त्यांनी विचारलं.

"उजेड."

"त्याच्या आधी."

"त्याच्या आधी काय असणार?"

"तोच. इकडे तो, तिकडे तो. बोट ठेवायला जागा नाही. मग जग कुठे ठेवणार?"

"मला काय विचारता?"

"तो मागे सरकला."

"कुठे?"

"तुझा भाऊ हेच विचारायचा."

"मग तुम्ही काय सांगायचात?"

"काही नाही. मागे सरकून बसायचो."

हेच. असंच बोलतात ते. माणूस विचारतो एक आणि हे पंच्याने पेला पुसतात. बाहेर चिंचेची सावली लांब झाली होती. सूर्यास्ताला तास राहिला असेल, नसेल.

"आबा, मला दिवा लावायचाय. उद्याचा शनिवार शेवटचा. मंगळवारी महिना भरतो. मला फक्त सांगा की पेला भरलेलाही राहील, फुटणारही नाही आणि विझणारही नाही, असं काय करू?"

त्यांनी घासलेला पेला माझ्यासमोर ठेवला. शेजारी तेलाची किटली ठेवली. पाण्याचा तांब्याही ठेवला.

"भर."

मी किटली उचलली. ओतणार, तेवढ्यात त्यांनी पेल्याच्या तोंडावर तळहात ठेवला. तेल त्यांच्या हातावर पडलं, मनगटावरून खाली ओघळलं.

"हात काढा."

त्यांनी काढला. मी पुन्हा किटली तिरकी केली. पुन्हा हात.

"आबा, हात काढा."

काढला. मी ओतलं. पुन्हा हात. त्यांची बाही कोपरापर्यंत तेलाने भिजली.

"काय चाललंय हे?"

"तू भर. मी अडवत नाही."

"अडवताय की!"

"कशाने भरणार आहेस?"

"तेलाने!"

"किती?"

"काठोकाठ! काठोकाठ भरणार, कळलं? एका थेंबाची जागा ठेवणार नाही!"

मशिदीत माझा आवाज घुमला. वर दिवे टांगायच्या साखळ्या हलल्या की काय असं वाटलं.

"का?" आबांनी विचारलं. हळू.

"कारण तो सोमवारी स्टँडवर आला होता," मी म्हटलं. "छातीला हात लावून. म्हणाला, दान्या, दवाखान्यात सोड, बरं वाटत नाही. माझ्या रिक्षात पाच जण बसले होते. मी म्हटलं, एक सीट राहिलीय, भरू दे, अलिबागची फेरी मारून येतो आणि सोडतो. तो म्हणाला, बरं. पिंपळाच्या पारावर जाऊन बसला."

…

"पंधरा मिनिटं थांबलो मी, आबा. एका सीटसाठी. तो समोर बसलेला मला दिसत होता. सहावा आला, मी निघालो. त्याने हात केला. मी हॉर्न वाजवला."

…

"परत आलो तेव्हा लोक जमले होते."

किटली माझ्या हातात होती. ती खाली ठेवायचं मला सुचत नव्हतं. आबांनी ती काढून घेतली.

मग मी रडलो. सव्वीस दिवस रडलो नव्हतो. दफन करताना नाही, गेलेल्यासाठीची कद्दिश म्हणताना नाही, आईने दादाचे कपडे घडी केले तेव्हाही नाही. हुंदका वगैरे आला नाही. उलटी यावी तसं आलं. मी चटईवर वाकलो आणि ते येत राहिलं.

 आबांनी पाठीवर हात ठेवला नाही. जरा मागे सरकून भिंतीला टेकून बसले.

सावली दारातून आत आली, तेव्हा मी तोंड पुसलं.

"तुम्ही काहीतरी म्हणा," मी म्हटलं. "तुझी चूक नव्हती म्हणा. सगळे म्हणतात."

"थांबला असतास तर कदाचित जगला असता," आबा म्हणाले. "कदाचित नसता."

 सव्वीस दिवसांत कोणी असं बोललं नव्हतं. मला त्यांना मारावंसं वाटलं. आणि पहिल्यांदाच नीट श्वासही आला.

"सूर्य बघ," ते म्हणाले.

बाहेर ऊन तांबूस झालं होतं. मी चटईवर वाकलेलो असताना मधेच उठून त्यांनी एकट्याने दहा दिवे उतरवून भरले होते, अकरावा पेला माझ्यासमोर होता.

"हा इथला आहे," मी म्हटलं.

"घेऊन जा. इथे दहा पुरतील."

मी तांब्या घेतला.  पेल्यात पाणी घातलं, निम्म्याहून थोडं कमी. मग किटली तिरकी केली. तेल पाण्यावर पसरलं, तीन बोटं वर आलं. मी अजून घालायला गेलो आणि थांबलो. वर बोटभर जागा राहिली.

आबांनी वात दिली. मी ती तेलावर सोडली. तेलकट पेला दोन्ही हातांत धरला आणि उठलो. घर चाळीस पावलांवर, सूर्य अजून नारळांच्या वर.

दारात मात्र पाय अडले.

"आबा, हा उद्या दुपारी विझेल."

"विझेल," ते म्हणाले. "पेला राहील."