चाकांवरच्या घराची गळती

एकदा एका वस्तादांनी आपल्या सर्वांत लाडक्या शिष्याचे निर्दोष काम भर दुपारी चार माणसांदेखत कापून टाकले. ऐकणाऱ्याला हे क्रूर वाटेल. पाहणाऱ्यांनाही वाटले. शिष्य तर फाडकन मुस्काटात बसल्यासारखा उभाच राहिला.

झाले होते असे. कोल्हापुरातल्या एका गुळाच्या व्यापाऱ्याने चाकांवरचे घर बांधून घेतले होते. मोटारीच्या मागे जोडायचे आणि ओढत न्यायचे. आत पलंग, ओटा, लहानशी मोरी. पलंगाखाली पाण्याची टाकी आणि तिचा पंप. लोक हसले. शेठला पैसा जड झालाय, म्हणाले. लोकांचे काय, त्यांना जीभ आहे. खरे कारण शेठच्या घरात आडवे पडून होते. त्यांच्या पत्नीचा मणका निकामी झाला होता. थोडा वेळ बसले तरी कळा सुरू होत, म्हणून प्रवास करायचा तर झोपूनच. त्यांचे माहेर देवगडचे. तिकडे आईची दृष्टी मंदावत चालली होती, आणि म्हातारी फोनवर एकच घोकत होती, "माका दिसता तोपर्यंत तुझा तोंड दाखवून जा गो."

त्या घराचे नळकाम बाळगोंडाने केले. वस्तादांकडे शिकून तो बंगल्यांची कामे घेऊ लागला होता आणि सफाईत त्याचा हात धरणारा दुसरा नव्हता. तरीही शेठच्या पत्नी, म्हणजे काकी, दोनदा देवगडला निघाल्या आणि दोनदा परत आल्या. गगनबावडा यायच्या आतच गादी खालून भिजे आणि ती ओल नेमकी त्यांच्या पाठीला लागे. अंगणात उभ्या घरात टिपूस नाही, अन् रस्त्याला लागले की पाणीच पाणी. बाळगोंडा चक्रावून गेला. दोन्ही वेळा त्याने फुटका सांधा हुडकला, नवा घातला आणि पाईप भिंतीला आणखी आवळला. दुसऱ्या खेपेस तर त्याने वीतवीतभर अंतरावर क्लिपा ठोकल्या. "आता पाईप जागचा हलला तर नाव बदलीन," तो म्हणाला.

शेठचा धीर मात्र सुटला होता. "पुन्हा पाणी आलं तर हे घर भंगारात जाईल," त्यांनी सांगून टाकले, "आणि हिचं जाणंही कायमचं बंद." शेवटचा उपाय म्हणून त्यांनी म्हाताऱ्या वस्तादांना बोलावणे धाडले.

वस्ताद आले. टाकी भरवली, पंप लावला, सगळे नळ बंद केले. पंप गप्प, म्हणजे पाणी कुठे निसटत नव्हते. फळीवर हात फिरवला; कोरडी. बाळगोंडाने छाती फुगवली, आणि का फुगवू नये? मग वस्ताद मोटार चालवणाऱ्याला म्हणाले, "मागल्या माळावर ने. जिथं दगडं जास्त, तिथनं." एवढे बोलून ते आत शिरले आणि पलंगाखालच्या फळीला कान लावून चक्क पालथे पडले.

"अहो वस्ताद, वय काय तुमचं," शेठ ओरडले. तोवर घर हलले होते.

माळावरून फेरी मारून घर परत आले. वस्ताद कण्हत, कंबर धरत उतरले. त्यांची बाही कोपरापर्यंत ओली होती. बाळगोंडाला आपले डोळे खोटे वाटले. एवढ्या क्लिपा, एवढा आवळलेला पाईप, मग पाणी आले कुठून? तो विचारणार, तेवढ्यात वस्तादांनी कटर घेतला आणि एकामागून एक सगळ्या क्लिपा तोडल्या. आतला कडक पाईपही कापला. त्या जागी मऊ नळी घातली, तीही गरजेपेक्षा लांब. तिला मधे ऐसपैस वेटोळे दिले आणि रबराच्या पट्टीत नुसती अडकवली.

"हे तर लोंबतंय की," शेठच्या तोंडून निघाले.  ज्या कामावर बाळगोंडाने जीव लावला होता, त्याचे तुकडे त्याच्या पायांपाशी पडले होते.

वस्ताद पायरीवर टेकले. "बाळगोंडा, बंगल्यात असं काम केलं असतंस तर मी तुझी पाठ थोपटली असती. बंगला जागा सोडत नाही. हे घर चालतं. चाक खड्ड्यात गेलं की त्याच्या फळ्या, त्याच्या भिंती, सगळं अंग हलतं. त्यात पाईपला हलायला तू जागाच ठेवली नाहीस. मग त्यानं काय करावं? जिथं तू त्याला सगळ्यात घट्ट धरलंस, तिथंच तो फुटला. एक गळती बुजवताना दुसरी तूच पेरत आलास. जे चालणार आहे, त्याला थोडं सैल सोडावं बाबा."

बाळगोंडाने पायापाशी पडलेला पाईपचा तुकडा उचलला. काकींची भिजलेली पाठ, अर्ध्यात मोडलेले दोन्ही प्रवास, सारे त्याच्याच हातचे होते, आणि तेही त्याच्या उत्तमातल्या उत्तम कामाने घडवले होते. पाईप सैल सोडणाऱ्या आळशी माणसाच्या हातूनही एवढे नुकसान झाले नसते.

घर पुन्हा माळावर फिरून आले. या खेपेस फळी कोरडी होती. शेठचा चेहरा खुलला. "आता थेंबभरही गळणार नाही, एवढा शब्द द्या वस्ताद."

"तो नाही देता येत. चालत्या घराचं कुणी सांगावं?"

 शेठ लालबुंद झाले. "मग एवढा खटाटोप कशाला केला? शब्द नाही तर जाणं नाही."

वस्ताद उठले. ते सोप्यात काकींच्या खाटेपाशी गेले. "वहिनी, सगळे नळ बंद असताना पंप आपसूक घुरघुरला, तर समजायचं कुठंतरी पाणी निसटतंय. कॉक तुमच्या उशाशी बसवून देतो. तो फिरवला की पाणी थांबतं. मग पुसून घ्यायचं. जमेल?"

आजवर त्या घरात आजारी बाईवर कुणी कसलेच काम सोपवले नव्हते.  काकी म्हणाल्या, "न जमायला काय झालं?" मग नवऱ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "अहो, मला आईकडे जायचंय. गळलं तर गळू दे."

 शेठनी वळून मोटारीची किल्ली मागितली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते निघाले. संध्याकाळी वस्तादांच्या कारखान्यात काकींचा फोन आला. "बाळगोंडा, घाटात गळलं बरं का."

बाळगोंडाने घाईने विचारले, "मग काकी, परत फिरलात?"

"परत कशाला? कॉक फिरवला, पुसलं. आता आईच्या अंगणात, खळ्यात पडलेय. ती मघापासनं माझ्या तोंडावरनं हात फिरवतेय. दिसतंय म्हणते अजून."

बाळगोंडाने फोन ठेवला. पलीकडे वस्ताद हत्यारे पुसत होते. त्यांनी मान वर केली.

"पोचल्या," बाळगोंडा म्हणाला.

गळतीचे तो बोलला नाही, आणि वस्तादांनीही विचारले नाही.