समई आणि करंज

फार मागची गोष्ट. खाडीकाठच्या देवळातली समई पलीकडून होडीने आणलेल्या तेलावर जळायची. होडी मोठी तोऱ्याची. "अंगणातला तो करंज काय कामाचा?" ती म्हणायची, आणि समई निमूट मान डोलवायची. न डोलवून करते काय?

एकदा वादळात होडी पलीकडेच अडकली. समईची वात काजळू लागली. ज्याला नावं ठेवताना मान डोलवली त्याच्याकडे मागायचं कसं, असं तिला झालं. शेवटी करंजच म्हणाला, "ताई, माझ्या बिया दरवर्षी केरात जातात. देवळामागच्या घाण्याला तेल काढायला सांग की."

कोंबड्या बसायच्या तो जुना घाणा देवळाच्या बैलाने फिरवला. तेलाला वास जरा उग्र होता, पण उजेड तसाच पडला.

वादळ शमलं, होडी आली आणि पुन्हा करंजाला नावं ठेवू लागली.

"बस गं निवांत," समई म्हणाली. "पण हे मला कधीच पटलं नव्हतं."