राखेतला कंद

“आणि तिनेच नेला हे मी दाखवून दिलं, तर तुम्ही वाडीसमोर तसं बोलाल?”

निरंजनबुवांनी अजून पायही धुतले नव्हते. पाच महिन्यांनी ते मठात परतले होते. खांद्यावर पडशी तशीच होती आणि शिष्य मुकुंद वाट अडवून उभा होता.

“काय नेलं?”

“कंद. कळलावीचा.”

“कुणी?”

“भागूबाई कोकरेनं. आपल्याकडे ताक आणते ती.”

बुवांनी पडशी खाली ठेवली.

मठ म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट सड्याच्या कडेला तीन खोल्या आणि मागे परसू. परसात दगड रचून केलेला एक वाफा. त्यात कळलावीचे पाच वेल. पावसाळ्यात या वेलाची पानं आपली टोकं वळवून काठीला धरतात आणि वर चढतात. गौरी येतात तेव्हा लाल-पिवळी फुलं उलट्या पाकळ्यांनी डोलत असतात. दिवाळीपर्यंत सगळं वाळून जातं. वाफा ओसाड दिसतो, पण खाली कंद झोपलेला असतो, थेट मृग लागेपर्यंत.

ही घरात आणली की भांडण लागतं, असं लोक म्हणतात. बुवांनी ती वीस वर्षं मठात जोपासली आणि एकदाही भांडण झालं नव्हतं. अर्थात तेव्हा मुकुंद नव्हता.

मुकुंद शेतकी कॉलेजात पहिला आलेला. तीन वर्षं मठात होता. येत्या अक्षय्य तृतीयेला बुवा त्याला अनुग्रह देणार होते, आणि बुवांच्या मागे मठ तोच सांभाळणार हे वाडीने धरून ठेवलं होतं. मुकुंदाने तर केव्हाच धरून ठेवलं होतं. बुवा दिवाळीनंतर तीर्थाटनाला गेले तेव्हा वाफा त्याच्या स्वाधीन होता.

“शंका कधी आली?” बुवांनी विचारलं.

“तुम्ही गेल्यावर आठव्या दिवशी. ती ताक देऊन निघाली आणि वाफ्यापाशी थांबली. उगाच कोण थांबतं?”

“काय केलं तिने?”

“काही नाही. तेच तर.”

“हं.”

“त्या दिवसापासून मी पहारा ठेवला. दर आठ दिवसांनी उकरून बघायचो, पाचच्या पाच आहेत ना. बघून जागच्या जागी पुरायचो. संक्रांतीच्या सुमाराला उकरतो, तर चार.”

“विषारी कंद. शेळी तोंड लावत नाही. ती नेऊन करणार काय?”

“खाली बाजारात एक व्यापारी येतो. रानातली मुळं विकत घेतो. मी चौकशी केलीय.”

हुशार माणसाचा संशयसुद्धा नीटनेटका असतो. मुकुंदाने खिशातून पुडी काढली. पुडीत हिरव्या बांगडीचा तुकडा होता.

“हा वाफ्यात सापडला.”

बुवांनी तुकडा पाहिला आणि परत दिला.

“तिला विचारलंस?”

“विचारलं. देवळासमोर, चार माणसांत. ती नाही म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही. पदर तोंडाला लावून उभी राहिली.”

“मग?”

“मठाची पायरी चढायची नाही, असं मी सांगितलं. तेव्हापासून वाडीतही तिचं ताक-लोणी कुणी घेत नाही. उद्या सगळे तुमच्याकडे येणार आहेत. तुम्ही एकदा म्हणालात की ती चोर, म्हणजे प्रश्न मिटला.”

“आणि उरलेले चार कंद?”

मुकुंदाने इकडेतिकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

“ते तिने बदलले.”

“बदलले?”

“चांगले नेले आणि नासके पुरले. फाल्गुनात बघितलं तर तीन मऊ पडलेले. ते आपले नव्हेतच, महाराज.”

दुसऱ्या कुणाला हसू आवरलं नसतं. बुवा हसले नाहीत. मला वाटतं, त्यांना फार वाईट वाटलं.

ते उठून परसात गेले. वाफ्यापाशी उकिडवे बसले आणि मातीला हात लावला.

“चैत्रात माती ओली कशी?”

“मी रोज कळशीभर पाणी घालतो.”

“जाताना मी काय सांगितलं होतं?”

“पाणी घालू नकोस म्हणालात. आणि... वेल वाळला की वाफा विसरून जा म्हणालात.”

“मग?”

“सड्यावरची माती, महाराज. वाळली की दगड होते. उकरायला जड जाते.”

बुवांनी चिमूटभर ओली माती बोटांत चोळून पाहिली.

“आणि विसरून जा असं का म्हणालात, तेही मला कळेना.”

“तुला काय वाटलं?”

“वाटलं... कंद दुसऱ्या कुणाला द्यायचं तुम्ही कबूल केलं असेल. मी विसरलो की तो येऊन घेऊन जाईल.”

“म्हणजे माझ्यावरही पहारा होता.”

मुकुंदाने पायाने वाफ्याचा एक दगड सारखा केला.

बुवांनी बोटांनी माती बाजूला केली. पहिला कंद हाताला लागला तो चिखल होऊनच. दुसरा, तिसरा तसेच. वास आला. चौथा मात्र टणक होता, बोटाएवढा जाड, नांगरासारखा वाकडा. बुवांनी तो पुसला आणि तळहातावर ठेवला.

“हा तरी आपला का?”

“हो. हा आपला.”

“कोंब कुठून फुटतो?”

“टोकातून. फक्त टोकातून. बाकी कंदाला डोळा नसतो.” परीक्षेत लिहिलेलं उत्तर होतं, मुकुंदाने ते न अडखळता दिलं.

“टोक दाखव.”

मुकुंदाने कंद हातात घेतला. उलटा केला. पुन्हा सुलटा केला. दोन्ही टोकं मोडलेली होती आणि मोडलेल्या जागा वाळून काळ्या पडल्या होत्या.

“किती वेळा उकरलंस?”

मुकुंद कंदावरची माती नखाने खरवडू लागला.

“मुकुंदा.”

“पंधरा-सोळा वेळा. थोडं जास्तच.”

मुकुंदाने कंद वाफ्याच्या दगडावर ठेवला. पण पुडी अजून त्याच्या मुठीत होती.

“ते असेल माझं. पण एक कंद तिने नेला की नाही? चोरी ती चोरीच ना?”

“तिला बोलावून आण.”

“ती येणार नाही.”

“तू गेलास तर येईल.”

उन्हं कलली तेव्हा दोघं चढण चढून आली. पुढे मुकुंद, मागे बरंच अंतर ठेवून भागूबाई. साठीची धनगरीण, अंगाने वाळकी. पदराखाली तिने काहीतरी धरलं होतं, आणि मुकुंद दर चार पावलांनी मागे वळून त्या पदराकडे बघत होता.

मुकुंद आत आला. ती फाटकाबाहेरच थांबली.

“आत या, भागूबाई,” बुवा म्हणाले.

“मला आत यायाची बंदी हाय, बुवा.”

बुवांनी मान हलवली. उठले, फाटक ओलांडून बाहेर गेले आणि तिच्याशेजारी धोंड्यावर बसले.

आता आत मुकुंद एकटाच होता.

“कंद तुम्ही काढलात?”

“काढला.”

“ऐकलंत?” मुकुंद आतून म्हणाला.

“कधी काढलात?”

“संक्रांतीच्या आदी, चार दीस.”

बुवांनी फाटकाकडे मान वळवली. “तू पहारा कधी ठेवलास?”

“कार्तिकात.”

“तेव्हा कंद किती होते?”

“...पाच.”

दूर कुठेतरी म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

“का काढलात?” बुवांनी भागूबाईला विचारलं.

“ह्ये दादा रोज पानी घालायचे. आठ दिसाला उकरायचे. चोळून बगायचे, मोजायचे, पुन्यांदा पुरायचे. म्या ताक घिऊन यायची तवा समदं बगत हुते. वाटलं, बुवा येस्तवर ह्यातला येक बी ऱ्हात न्हाई. पाची काढाया गेल्ते. येकच हाताला आला तवर दाराची कडी वाजली. घाईत बांगडी बी फुटली.”

मुकुंदाची मूठ सैल झाली.

“मग देवळासमोर का नाही सांगितलंत?”

“कुनाला सांगू? ज्याच्यापास्नं लपवला त्यालाच?” तिने पहिल्यांदा मुकुंदाकडे नीट पाहिलं. “घरी यिऊन कंदाचं मडकं फोडून बगितलं असतं ह्यांनी. तुमी येस्तवर गप ऱ्हायाचं ठरवलं.”

मग तिचा आवाज फुटला.

“तीन म्हैनं झालं, बुवा. लोनी कुनी घेत न्हाई. आता सून बी पिठाच्या डब्याला कुलूप लावती.”

बुवांनी डोळे मिटले.

भागूबाईने पदराखालून मडकं काढलं. तोंड शेणाने लिंपलेलं होतं.

“राखंत ठिवलाय. आमच्यात बी-बियानं असंच ठेवत्यात.”

बुवा मडक्याला हात लावायच्या आत फाटकातून मुकुंदाचा हात आला. त्याने मडकं उचललं, कानाशी नेलं आणि हलवलं. पुन्हा हलवलं.

“आत काही वाजत नाही.”

“राखंत कंद वाजत न्हाई, दादा,” भागूबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता थकवा होता.

बुवांनी मडकं त्याच्या हातून घेतलं आणि तिच्या ओंजळीत परत ठेवलं.

“मृग लागला की तुम्हीच लावा. या वाफ्यात, पण कोणत्या जागी ते आम्हाला सांगायचं नाही.”

“व्हय.”

“त्याने मडकं फार हलवलं का?”

“न्हाई. राखंनं कंदाला धरलं असंल.”

“महाराज,” मुकुंद म्हणाला, “उद्या वाडी येईल. मी काय सांगू?”

“तू काही सांगू नकोस. चार कंद कुणी मारले आणि एक कुणी राखला, ते मी सांगेन.”

मुकुंदाचा चेहरा उतरला.

“आणि उद्यापासून ताक आणायला तू जायचं. सकाळी, माणसं पाण्याला निघतात त्या वेळी. देवळासमोरच्या वाटेनं. तिच्या दारात उभं राहायचं. ती देईल तेव्हा घ्यायचं.”

“आणि नाही दिलं तर?”

“तर दुसऱ्या दिवशी जायचं.”

भागूबाई उठली. बुवांना हात जोडले, मडकं पुन्हा पदराखाली घेतलं आणि उतरणीला लागली.

“माझा अनुग्रह...” मुकुंदाने हळूच विचारलं.

“कोंब आला की.”

“अक्षय्य तृतीयेला कोंब येत नाही, महाराज. मृगाला अजून फार दिवस आहेत.”

“आहेत खरे.”

बुवा आत आले. तांब्या घेऊन पायरीवर बसले आणि पाय धुऊ लागले. पाच महिन्यांची धूळ होती, सावकाश निघत होती.

मुकुंद फाटकाशीच उभा होता. भागूबाईचं लुगडं करवंदीच्या जाळीमागे दिसेनासं झालं, तरी तो तिकडेच बघत होता. त्याला लाज वाटत होती, हे अगदी खरं. पण लाजेच्या खाली दुसरं काहीतरी अजून वळवळत होतं. शेवटी त्याला राहवलं नाही.

“महाराज... आपण मडकं उघडून बघितलंच नाही.”

“नाही बघितलं.”

“आत कंद नसून दगड असला तर?”

बुवांनी दुसऱ्या पायावर पाणी ओतलं.

“मग दगडाला कोंब फुटेपर्यंत थांब.”