ठकू कासारणीनं दुकान वाढवलं

वरच्या घाटाच्या बाजारात गिऱ्हाईक औषधालाही उरलं नव्हतं, आणि नेमकी तेव्हाच राजे दुर्जयरावांना बाजार भरभराटीला आणायची लहर आली!

झालं होतं एवढंच, की गेल्या पुरात नदीनं पात्र बदललं. वरचा घाट गाळानं भरला. नावा खालच्या घाटाला लागू लागल्या आणि गिऱ्हाईक नावांच्या मागोमाग तिकडं गेलं. नदीला कुणी राजाचा हुकूम वाचून दाखवला नव्हता ना! पण आजोबांनी बाजार वरच्या घाटाला वसवला, म्हणजे तो तिथंच चालणार, असं राजेसाहेबांचं ठाम मत. मत बदलणं त्यांच्या घराण्यात कमीपणाचं मानत. विचार करणंही तसंच असावं, असं लोक हळूच म्हणत.

तर एका दुपारी दवंडी आली.

"ऐका होऽ ऐका! वरच्या बाजारातल्या प्रत्येक दुकानदारानं महिन्याच्या आत आपलं दुकान वाढवावं! जो वाढवणार नाही, त्याची गाढवावरून धिंड काढून त्याला राज्याबाहेर घालवलं जाईल होऽ!"

ठकू कासारीण ओट्यावर बांगड्यांवरची धूळ पुसत बसली होती. आठ दिवसांत तिनं एक हात भरला नव्हता. बांगड्या भरायला बाईच येईना, तर दुकान वाढवायचं कुणाच्या जिवावर? आणि न वाढवावं, तर घरदार सोडून परमुलखात जायचं.

शेजारचा केरोबा हलवाई मात्र कंबर कसून उठला. "ठकूबाई, मी तर आणखी दोन भट्ट्या घालतो! हुकूम म्हणजे हुकूम!"

"आणि जिलबी खाणार कोण?"

"येईल गिऱ्हाईक हळूहळू. वीस वर्षं इथंच बसलोय मी!"

"केरोबा, तो समोरचा धोंडाही वीस वर्षं तिथंच बसलाय. त्याच्याकडं कुठं कोण येतंय?"

केरोबा तोंड फिरवून विटा मोजायला लागला. ठकूनं दवंडीवाल्याला हाक मारली.

"दादा, हुकमात नेमका शब्द काय?"

"'दुकान वाढवावं.'"

"मोठं करावं, असं नाही ना कुठं?"

"दिवाणजींनी लिहून दिलं ते मी ओरडतो, बाई! माझं डोकं कशाला खाता?"

ठकू खुदकन हसली. त्याच संध्याकाळी तिनं फळ्या लावल्या, कुलूप घातलं आणि बांगड्यांची पाटी डोक्यावर घेऊन ती खालच्या घाटाकडं चालू लागली.

महिना सरला. दुर्जयराव लवाजमा घेऊन नदीपलीकडच्या राजवाड्यातून बाजार बघायला आले. बाजार कसला! केरोबाच्या तीन भट्ट्यांवर जिलब्यांचे डोंगर होते आणि त्यावर कावळे जेवत होते. केरोबानं लवून मुजरा केला, तेव्हा त्याच्या पागोट्यावरनं दोन माश्या उठल्या. पण राजेसाहेब खूश! भट्ट्या वाढल्या होत्या ना!

एवढ्यात त्यांना ठकूचं कुलूप दिसलं. खालच्या घाटाला ठकूला बोलावणं गेलं. ती आली तीच मागं हातभर बांगड्या भरलेल्या पाचपन्नास बायका घेऊन.

"तुझं दुकान कुठं आहे?" राजे गरजले.

"वाढवलं, महाराज!"

"खोटं बोलतेस? इथं तर कुलूप आहे!"

"मग? दुकान वाढवल्यावर कुलूप घालतातच की! दिवेलागणीला कुठला दुकानदार 'बंद केलं' असं अभद्र बोलतो? सगळे 'वाढवलं'च म्हणतात. या बाजारात तुमचा हुकूम सगळ्यांच्या आधी मी पाळला!"

बायका फिदीफिदी हसल्या. दिवाणजी एकाएकी आपल्या जोड्यांकडं बघू लागले.

"वाढवणे म्हणजे मोठं करणे!" राजे ओरडले.

"असं होय? मग राणीसाहेब निजताना दासीला 'समई वाढव' म्हणतात, तेव्हा ती काय ज्योत छताला नेऊन लावते? माझ्या हातून बांगडी वाढली, तर ती काय कंबरेत घालता येते?"

राजेसाहेब लालेलाल झाले. "शब्दात पकडतेस आम्हाला? तू जागा बदललीस! ठरलेलं बदलणारी माणसं आम्हाला खपत नाहीत!"

"बरोबर आहे. महाराज, आज आपली नाव कुठल्या घाटाला लागली?"

"खालच्या."

"आजोबांपासून तर ती वरच्या घाटाला लागायची!"

"तिथं कमरेएवढा गाळ आहे! आम्ही काय गाळात उतरायचं?"

"छे, छे! महाराजांनी कशाला? गाळात जायला आम्ही दुकानदार आहोत की!"

केरोबानं तर डोळेच मिटून घेतले. दुर्जयरावांच्या मिशा थरथरल्या, आणि मग त्या मिशांआडून हसू फुटलं! पण हसता हसता ते मधेच थांबले. चेहरा पडला.

"सगळं खरं, बाई. पण आम्ही दिलेला हुकूम आजवर मागं घेतलेला नाही. घेणारही नाही!"

"मागं कशाला घेता, महाराज?" ठकू म्हणाली. "वाढवा की!"

आता मात्र राजे असे हसले, की शिरपेच कानावर आला. "दिवाणजी! हुकूम वाढवा! आत्ताच्या आत्ता वाढवा!"

खालच्या घाटाच्या पायरीलगतची पहिली जागा ठकूला मिळाली, आणि राणीवशात बांगड्या भरायचा मान कायमचा तिचा झाला. नव्या बाजाराचा नारळ वाढवायला केरोबाला पुढं केलं, तर तो नारळ हातात धरून उभाच.

"दिवाणजी," तो म्हणाला, "या खेपेला तेवढं नीट सांगा हं. फोडायचाच ना?"